नर्सिंगचं पहिलं वर्ष सुरू होतंय, नेमकं काय वाट्याला येतं?

पाऊलखुणा

नमस्कार. मला नर्सिंगला प्रवेश मिळालाय आणि तीन आठवड्यांनी वर्ग सुरू होतील. घरात या क्षेत्रातलं कुणीच नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला हाच प्रश्न आहे. आजूबाजूला दोनच गोष्टी ऐकू येतात. कुणी म्हणतं, 'फार पुण्याचं काम आहे', कुणी म्हणतं, 'अगं, लोकांची घाण काढत बसणार का?' दोन्हींतून माझ्या हाती काही लागत नाही.

रक्त बघितलं की मला गरगरतं. लहानपणी भावाचा गुडघा फुटला तेव्हा तो उभा होता आणि मीच खाली बसले होते. हे जातं का? गणित शाळेनंतर सुटलंय, औषधाचा हिशोब चुकला तर काय या विचारानं परवा रात्रभर झोप नव्हती. लगेच वॉर्डात पाठवतात का? अनोळखी पुरुष पेशंटला अंघोळ घालायची वेळ आली तर कसं करायचं? आणि हे तीन आठवडे मी काय वाचू?

मला धीर नकोय, खरं काय असतं ते हवंय. जो कुणी लिहील त्याचे आधीच आभार.

दुसरंवर्ष

अभिनंदन! मी आत्ता दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून आठवणी ताज्या आहेत.

पहिले काही आठवडे वर्ग आणि प्रॅक्टिकलची लॅब. तिथे खाटेवर माणसाएवढा पुतळा असतो, त्याच्यावर सगळं शिकायचं. आम्हाला सगळ्यात आधी शिकवलं ते हात धुणं आणि बेड करणं. चादरीचे कोपरे इतके वेळा उसवून परत घालायला लावले की मला वाटायचं, याला काय अर्थ आहे. मग वॉर्डात एका आजोबांच्या पाठीवर चादरीच्या सुरकुतीचा लाल वळ उमटलेला पाहिला, तेव्हा कळलं.

जोडे संध्याकाळच्या सुमारास विकत घे, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सकाळी बसतात ते जोडे ड्यूटी संपताना चावतात. सेकंदकाटा असलेलं घड्याळ लागेल, पण छातीशी अडकवायचं, कारण मनगटावर काही असलं की हात नीट धुता येत नाहीत. नखं कायम कापलेली हवीत.

अंघोळीबद्दल माझा अनुभव उलट बाजूचा, मी मुलगा आहे. काही बायका 'सिस्टरना बोलवा' म्हणतात. मी बोलावतो आणि मनाला लावून घेत नाही. विचारायचं मात्र प्रत्येक वेळी, गृहीत धरायचं नाही.

रात्रपाळी

पाऊलखुणा, तुझे प्रश्न वाचले आणि ड्यूटीवरून आल्यावर झोपायचं सोडून लिहायला बसले. बावीस वर्षं वॉर्डात आहे, त्यातली बरीचशी मेडिसिनच्या वॉर्डात, आणि विद्यार्थिनींच्या अनेक बॅचेस माझ्या हाताखालून गेल्या. मला जे मनापासून सांगायचंय ते मध्येच कुठेतरी येईल, आधी तुझं गरगरणं.

रक्त बघून काही लोकांचे ठोके एकदम मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. एवढंच घडतं, तुझ्या धैर्याशी त्याचा संबंध नाही. त्याआधी खुणा येतात: जांभया, कानात आवाज, कपाळावर गार घाम, नजरेच्या कडा काळवंडणं. पहिली खूण आली की पेशंटच्या खाटेपासून दोन पावलं मागं सर, कुणाला तरी सांग आणि सरळ खाली बस. उभं राहून निभावून नेऊ पाहणारी मुलगी ट्रॉलीवर पडते आणि मग पेशंट दोन होतात. आणखी एक उपाय आहे, घरी आधीच सराव करता येईल असा. दंड, मांड्या आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, मग सैल सोडायचे, असं चार-पाच वेळा. त्यानं उतरू लागलेला रक्तदाब सावरतो. रिकाम्या पोटी वॉर्डात जायचं नाही हा नियमच समज. मला स्वतःला रक्ताचं कधी काही झालं नाही. मला झाला तो वासाचा त्रास. टाचेवरची चिघळलेली जखम होती, ड्रेसिंगचा शेवटचा थर निघाला आणि माझे पाय गेले. पाचव्या-सहाव्या ड्रेसिंगपर्यंत तो वास माझ्यासाठी माहिती झाला होता: कालच्यापेक्षा कमी आहे की जास्त, एवढंच मी त्यात शोधायचे. बहुतेकींचं असंच होतं. क्वचित कुणाचं होत नाही, तर अशांनाही ज्यात जखमा कमी येतात अशी कामं असतात. पण हे पहिल्या महिन्यात ठरवू नकोस.

आता अंघोळ. 'लोकांची घाण' म्हणणाऱ्यांनी कधी कुणाला खाटेवर अंघोळ घातलेली नसते. सबंध ड्यूटीत ही वीस मिनिटंच अशी असतात की पेशंटचं अख्खं शरीर तुझ्या नजरेखालून जातं. डोक्याची मागची बाजू, खांद्याची हाडं, माकडहाडाच्या वरचा भाग, टाचा, म्हणजे जिथे जिथे हाड खाटेवर दाबलं जातं तिथे तिथे बघायचं. लाल डाग दिसला तर बोटानं दाबून सोड. पांढरा पडून परत लाल झाला तर ठीक. दाबूनही लाल तसाच राहिला तर बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, सुरू झालाय. सावळ्या कातडीवर हा लालपणा सहज दिसत नाही, तिथे हाताला ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते का ते बघायचं. डॉक्टर राउंडला येतात तेव्हा पेशंट उताणा आणि पांघरुणात असतो. हे तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला दिसणार नाही.

संकोचाचं म्हणशील, तर तो काम कसं करायचं ते कळलं की निम्मा होतो. पडदा आधी. मग प्रत्येक हालचालीआधी सांगायचं: 'आता उजवा हात घेते', 'आता पाठीवर वळवते'. जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा, बाकी झाकलेलं. डोळे आतल्या कोपऱ्यातून बाहेर, स्वच्छ जागेकडून अस्वच्छ जागेकडे, गुप्तांगाची स्वच्छता पुढून मागे. आणि जिथे पेशंटचा स्वतःचा हात पोचतो तिथे त्याचाच हात. माझ्या पहिल्या पोस्टिंगमध्ये एक गृहस्थ होते, अर्धांगाचे. अंघोळ सुरू झाली की तोंड भिंतीकडे करून डोळे मिटून घ्यायचे. तीन दिवस मी भराभर उरकत राहिले, कारण मलाही तिथून निघायचं असायचं. चौथ्या दिवशी वॉर्डच्या सिस्टरनी माझ्या हातातलं पिळलेलं फडकं घेतलं, त्यांच्या चांगल्या हातात दिलं आणि पडद्याबाहेर येऊन उभ्या राहिल्या. मीही आले. आतून पाण्याचा आवाज येत होता. बराच वेळ लागला. नंतर ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले, विचारलं काय, तर पाणी बदलून मिळेल का.

गणित. तुला लागणारं गणित गुणाकार, भागाकार आणि दशांश एवढंच आहे, पण ते झोपेत आणि घाईत बरोबर यायला हवं. उदाहरण घे. ५०० मिलीची सलाईन ६ तासांत द्यायचीय. सेटच्या, म्हणजे सलाईनच्या नळीच्या, पाकिटावर छापलेलं असतं की त्यातून १ मिलीला किती थेंब पडतात, समज २०. म्हणजे ५०० गुणिले २०, दहा हजार थेंब. ६ तास म्हणजे ३६० मिनिटं. भागिलं की २७.८ येतात, म्हणजे मिनिटाला २८ थेंब. घड्याळ धरून पंधरा सेकंदांत ७ मोजायचे. लहान मुलांसाठी वापरतात तो मायक्रो सेट मिलीला ६० थेंबांचा असतो, त्यात हाच हिशोब ८३ वर जातो. सेट न बघता थेंब लावले की औषध तिप्पट वेगानं किंवा एक तृतीयांश वेगानं जाणार. म्हणून आकडेमोडीआधी हातातलं पाकीट वाच.

दशांशचिन्ह हा या धंद्यातला खरा धोका आहे. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना बिंदूच्या आधी शून्य घालायचंच, ०.५ असं, नाहीतर बिंदू पुसट होतो आणि ५ वाचलं जातं. आणि ५ लिहायचं तर ५.० लिहायचं नाही, ते ५० दिसतं. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅममध्ये हजारपटीचं अंतर. उत्तर आलं की स्वतःला विचार: हे शक्य तरी आहे का? एका डोससाठी आठ गोळ्या किंवा चार अँप्युल (इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या) लागताहेत असं हिशोब सांगत असेल तर हिशोब चुकलाय असं धरून थांब आणि दुसरीला करायला दे. तिला तुझं उत्तर आधी सांगू नकोस. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच तर तुला पाठ करायला लावतीलच. त्यातल्या पहिल्याबद्दल एक गोष्ट माझ्याकडून घे. 'तुम्ही अमुकच ना?' असं विचारू नकोस, गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' म्हण आणि ते त्याच्या मनगटावरच्या नावाच्या पट्टीशी जुळव.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

दुसरा महिना होता. टीपीआर घ्यायची पाळी माझी, म्हणजे ताप, नाडी, श्वास. तीस खाटा. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी मोजत होते, आणि श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २० लिहिलेलं होतं. आदल्या पाळीत २०, त्याआधीच्या पाळीत २०. मीही २० लिहीत गेले. सगळ्याच लिहायच्या. अकराव्या की बाराव्या खाटेपाशी वॉर्डच्या सिस्टर मागून आल्या आणि विचारलं, 'मोजलास, की उतरवलास?' मी गप्प. ओरडल्या नाहीत. पेशंटचं मनगट माझ्या हातात दिलं, स्वतःचं घड्याळ समोर धरलं आणि पूर्ण मिनिट माझ्याबरोबर उभ्या राहिल्या. ३२ निघाले. त्या बाईंचा ताप बेताचा होता, त्या बोलत होत्या, हसत होत्या. अर्ध्या तासात डॉक्टर आले, दुपारपर्यंत त्यांना आयसीयूत हलवलं. न्युमोनिया पसरत होता. त्या वाचल्या. पण माझ्या हातानं लिहिलेलं २० त्या कागदावर होतं, सिस्टरनी ते खोडू दिलं नाही, पुसट होऊ दिलं नाही, फक्त एक रेघ मारून शेजारी ३२, वेळ आणि माझी सही घालायला लावली.

पेशंट बिघडायला लागतो तेव्हा सर्वांत आधी हलणाऱ्या गोष्टींत श्वास असतो, बऱ्याचदा रक्तदाब पडण्याच्या कितीतरी आधी. मोठ्या माणसाचा आरामात १२ ते २०. आणि नेमका हाच आकडा सर्वांत जास्त वेळा न मोजता लिहिला जातो, कारण तो यंत्र देत नाही आणि पूर्ण एक मिनिट मागतो. मोजायची पद्धत अशी: नाडी बघून झाली तरी मनगट सोडायचं नाही. पेशंटला वाटू दे की नाडीच चाललीय. नजर छातीवर. 'श्वास मोजते' म्हटलं की माणूस नकळत श्वास बदलतो.

तुला वर्गात फ्लॉरेन्स नाइटिंगेल शिकवतील, दिवा घेऊन फिरणारी. दिवा खराच. पण क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर तिनं मेलेल्या सैनिकांचे आकडे मांडले, १८५८ मध्ये त्यांच्या आकृत्या काढल्या, आणि सैनिक जखमांपेक्षा किती तरी जास्त संख्येनं रोगांनी मेले हे सरकारला डोळ्यांनी दिसेल असं केलं. त्यानंतर दोन वर्षांनी, १८६० मध्ये, लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात तिची नर्सिंगची शाळा सुरू झाली. मला ती वहीवाली नाइटिंगेल जास्त जवळची वाटते. कुणीतरी वॉर्डात आकडे खरे लिहिले असतील तरच त्यातून पुढे काही निघतं.

हात धुण्याचंही तसंच. व्हिएन्नात १८४७ मध्ये सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरानं बघितलं की डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींकडे येतात आणि त्या वॉर्डात सुइणींच्या वॉर्डापेक्षा जास्त बायका मरतात. क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यानं हात धुवायला लावल्यावर मृत्यू एकदम घटले. जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा सिद्ध झालं नव्हतं, फक्त मोजणी होती. साबणपाण्यानं ४० ते ६० सेकंद. अंगठा आणि बोटांची टोकं हमखास राहतात, मी आजही ती मुद्दाम शेवटी परत घेते.

बाकी अभ्यास. पाठांतर आहे, खूप आहे. २०६ हाडं, मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या, सगळं येणार. माझी पद्धत एवढीच होती: दिवसाला एक पेशंट निवडायचा आणि रात्री फक्त त्याचं वाचायचं. हृदय निकामी झालेल्या माणसाचे सुजलेले पाय दाबून पाहिलेस, बोटाचा खळगा तसाच राहिलेला पाहिलास, की ते पान तुला विसरता येणार नाही. औषधं एकेक पाठ करू नकोस, कुळं ओळख. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, शेवट 'ओलॉल' आला की नाडी मंदावणार, म्हणून देण्याआधी नाडी बघ. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, शेवटी 'प्रिल' आलं की कोरडा खोकला विचार.

फार लांबलं. झोपते आता.

पाऊलखुणा

ताई, तुम्ही जागरण करून एवढं लिहिलंत, काय बोलू कळत नाही. बहिणीलाही वाचून दाखवलं. दोन गोष्टी विचारू का? तुमच्या त्या सिस्टर ओरडल्या नाहीत, पण सगळ्या तशा नसतील ना? आणि पेशंट गेला तर? माझ्यासमोर अजून कुणी गेलेलं नाही.

रात्रपाळी

सगळ्या तशा नसतात, बरोबर आहे. मला एका ठिकाणी नातेवाइकांसमोर, भर वॉर्डात बोलणी बसली होती आणि ती चूक माझी नव्हतीही. त्या रात्री मी सोडायचं ठरवलं होतं. याला मी शिकवणं म्हणत नाही आणि माझ्या विद्यार्थिनींशी तसं वागत नाही. पण एक नुकसान त्यातून मोठं होतं ते लक्षात ठेव: बोलणी बसतात या भीतीनं मुली चुका लपवतात. गोळी चुकीच्या माणसाला गेली, तर पहिल्या पाच मिनिटांत सांगितलेली चूक बऱ्याचदा सावरता येते. तासानं सांगितलेली नाही. सुई टोचली तरी तेच. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात धरायचं नाही, आणि त्याच क्षणी कळवायचं. एचआयव्हीपासून वाचवणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि जितकी लवकर तितकी बरी. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही म्हणजे नाही.

मृत्यूबद्दल. माझ्या वाट्याला पहिला मृत्यू आला तो पहाटे चारच्या सुमारास. दोघींनी मिळून आवरायचं असतं. नळ्या काढायच्या, डोळे मिटायचे, तोंड पुसायचं, केस नीट करायचे, अंग सरळ ठेवायचं. माझ्याबरोबरची सिस्टर त्या आजींशी बोलत होती, 'आजी, आता कुशीवर वळवते हं', जिवंतपणी बोलायची तसंच. मला आधी विचित्र वाटलं. मग लक्षात आलं की त्यामुळे आमचे हात हळू चालताहेत. तेव्हापासून मीही बोलते. रडू आलं तर येऊ दे, नातेवाइकांसमोर डोळे भरले तर त्यात काही कमीपणा नाही. फक्त त्यांना तुझा आधार लागेल अशा वेळी तू उभी असलीस म्हणजे झालं. आणि घरी जाऊन एकटी बसू नकोस, त्याच ड्यूटीवरच्या कुणाशी तरी बोल. घरच्यांना ते पोचत नाही, त्यांचा दोष नसतो.

खडूफळा

मी नर्सिंग शिकवते. वरचं सगळं मान्य, एका ठिकाणी थोडा वेगळा सूर. रोज एका पेशंटचं वाचणं वॉर्ड सुरू झाल्यावर उत्तम. पण पहिल्या परीक्षेच्या आधी पेशंट फार मिळत नाहीत, तेव्हा शरीररचना आणि शरीरक्रिया रोज थोडी थोडी, चित्र काढूनच वाचावी लागते. दर वर्षी माझ्या वर्गात हुशार मुली यात मागे पडतात, कारण त्या शेवटच्या पंधरवड्यावर ठेवतात. हृदयातून रक्त कुठून कुठे जातं ते न बघता काढता आलं पाहिजे.

तुझ्या तीन आठवड्यांसाठी: पुस्तकं आणू नकोस. ग्रॅम-मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅम आणि लिटर-मिलिलिटर यांची उलटसुलट बदलाबदली रोज दहा मिनिटं, कॅल्क्युलेटरशिवाय. हेपटायटिस बीची लस झालीय का ते बघ. तीन डोस असतात, पहिल्यानंतर महिन्यानं दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, म्हणून आत्ताच सुरू केलेली बरी. आणि झोप भरून घे.

पाऊलखुणा

लसीचं माहीतच नव्हतं, उद्याच विचारते. स्नायू आवळायचा सरावही सुरू केलाय.

ताई, काल आजीचे श्वास मोजून बघितले. पहिल्यांदा ती म्हणाली, अशी काय बघतेस, आणि श्वासच धरून बसली. दुसऱ्यांदा मनगट हातात घेऊन बसले, ती टीव्ही बघत होती. १८ आले. खात्री वाटेना म्हणून परत मोजले तर १७.

रात्रपाळी

दोन्ही लिही. वेळेसकट.